शिरूर–दौंड, तळेगाव मार्गे

लग्न होऊन मी तळेगाव ढमढेऱ्याला निघाले, तेव्हा पाठवणी करताना माहेरच्या माणसांनी एकच धीर दिला होता, "अगं, नदी ओलांडली की आलंच घर." नदी ओलांडायची कशी, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

माझं माहेर कासुर्डीचं. यवतच्या अलीकडं, सोलापूर रोडला लागून. सासर नगर रोडच्या अंगाला. हे दोन्ही मोठे रस्ते निघतात पुण्यातूनच, पण जसजसे पुढं जातात तसतसे एकमेकांपासून फाकत जातात. मधल्या पट्ट्यात मुळा-मुठा, भीमा आणि नजर जाईल तिथवर ऊस. पाखरू उडालं तर चहा निवायच्या आत पोचेल. माणसानं आधी शिक्रापूर गाठायचं, तिथून पुणे, पुण्यात गाडी बदलायची, मग हडपसर, लोणी, उरुळी करत कासुर्डीचा फाटा. सकाळी भाकरी बांधून निघालेली बाई दिवेलागणीला माहेरच्या उंबऱ्यात.

शिक्रापूरच्या थांब्यावर कुणी ओळखीचं भेटलं की हमखास विचारायचं, "काय, पुण्याला का?"

"न्हाई, माहेराला."

"मग ही पुण्याची गाडी कशाला धरताय?"

माहेरचा रस्ताच पुण्यावरून जात होता.

एकदा येताना आईनं गुऱ्हाळावरची ताजी काकवी डबा भरून दिली. पुण्यात गाडी बदलण्याच्या झटापटीत डब्याचं झाकण सैल झालं असावं. वाघोली गेली आणि माझ्या पुढच्या बाकावरचे आजोबा पाय उचलून बघायला लागले. मग त्यांच्या शेजारचे. थोड्याच वेळात सगळ्या गाडीत चिक् चिक् असा आवाज सुरू झाला. जो तो चप्पल उचलतोय आणि चप्पल काही सुटत नाही. मी डबा मांडीवर घेऊन खाली मान घातली. कंडक्टर तिकिटं फाडत माझ्यापाशी आला, खाली बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ताई, माहेर गोड असावं, पन येवढं?" सगळी गाडी हसली. मीही हसले, पण डोळ्यांत पाणीही आलं. अख्ख्या दिवसाची वाट तुडवून आणलेली काकवी घरी पोचली ती डब्याच्या बुडाला चिकटलेली.

पुढं नव्वदच्या दशकात भीमेवरचा पूल झाला. त्यावरून बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर गेले, पुरुषमाणसं मोटरसायकलवरून सासुरवाडीला जाऊन दुपारच्या जेवणाला परत येऊ लागली. आम्हा बायकांना मात्र पुलाचा उपयोग ऐकण्यापुरता. एक जीप पलीकडच्या राहू गावाकडं जायची. आत माणसं, टपावर माणसं, मागच्या दाराला लोंबकळणारी माणसं. कडेवर पोर घेऊन त्यात चढायची कुणाची छाती होत नव्हती.

आमच्या आळीच्या टोकाला पिठाची गिरणी होती. एका दुपारी आम्ही दळणाचे डबे लावले आणि लाइट गेली. डबा सोडून घरी जावं तर नंबर जाणार, म्हणून सगळ्या तिथंच पिंपळाच्या पारावर टेकलो. माझ्या एका बाजूला आमच्या दोन घरं पलीकडच्या भाभी होत्या. त्यांचे मालक विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे, आणि भाभी घरी मशीनवर ब्लाउज शिवायच्या. अख्ख्या आळीच्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ. दुसऱ्या बाजूला अंगणवाडीच्या बाई. भीमनगरात राहायच्या. आवाज असा की मैदानातली पोरं हाकेसरशी ओळीत उभी.

माझ्या तोंडून सहज निघून गेलं, की भावाला मुलगा झालाय, बारसं आहे, पण जायचं म्हणजे तीन दिवस मोडतात.

"तुमचं माहेर कुठलं वो वहिनी?" बाईंनी विचारलं.

"कासुर्डी."

"अगं बया!" भाभी म्हणाल्या. "माझं यवत. तुमच्या शेजारचंच की!"

इतकी वर्षं शेजारी राहून आम्हाला हे माहीत नव्हतं. म्हणजे मला त्या 'तिकडच्या' आहेत एवढं ठाऊक होतं. गावात आम्हा सगळ्यांना एकच शब्द होता, 'पलीकडच्या'. त्यातली कुठली कोण, हे विचारायची वेळ आली नव्हती.

"आन् मी दौंडची," बाई म्हणाल्या. "माझे वडील रेल्वेत होते. क्वार्टर रुळाला लागून. गाडीची शिट्टी ऐकल्याबिगर झोप यायची न्हाई. लग्न होऊन हितं आले तर रात्री कुत्री सोडली तर काय आवाजच न्हाई. सहा महिने मी टक्क जागी."

मग पारावरची एक म्हणाली मी राहूची, दुसरी म्हणाली मी पारगावची. गिरणीवाला आतून ओरडला, "माझी बायकूबी पाटसची हाय!" त्या पारावर बसलेल्या जवळजवळ निम्म्या बायका नदीपलीकडच्या निघाल्या. बाईंनी सगळ्यांकडं एक नजर फिरवली, मुलं मोजताना फिरवायच्या तशी.

"एक गाडी भरंल की गं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग गाडी मागायची. शिरूरला डेपो हाय. त्यांच्या गाड्या पुण्याला जात्यात, नगरला जात्यात. एक दौंडला जाईल आपल्या दारावरनं. रस्ता हाय, पूल हाय. मागायला काय जातंय?"

तेवढ्यात लाइट आली, गिरणीचा पट्टा फिरायला लागला आणि त्या आवाजात बोलणं ऐकू येईना. पण बाईंनी जाता जाता माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, "बुधवारी. साडेआठच्या गाडीनं शिरूर."

घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "जा की. लई तर न्हाई म्हणतील." आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली.

"गाडी आली की सुना घरात टिकायच्या न्हाईत," त्या म्हणाल्या. "जरा काय बोललं की पिशवी घेतली आन् निघाली. आमच्या वक्ताला नदीला पानी असायचं तेच बरं व्हतं."

मी पीठ मळत राहिले. पण बुधवारी गेलेच.

डेपोच्या साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही तिघी बराच वेळ बसलो. ह्या खोलीत बायका कमीच येत असाव्यात, कारण शिपाई दोनदा येऊन विचारून गेला की काही हरवलंय का. शेवटी आत बोलावलं. साहेब पन्नाशीचे, बारीक, टेबलावर गार झालेला चहा. आमचं म्हणणं त्यांनी मधे न बोलता ऐकलं. मग भिंतीवरच्या नकाशाजवळ गेले. नकाशात सगळ्या रेघा पुण्याकडून निघत होत्या, हाताच्या बोटांसारख्या. दोन बोटांच्या मधे काही नव्हतं.

"रस्ता आहे ताई, हे खरं," ते म्हणाले. "पण गाडी रस्त्यासाठी सोडत नाहीत, प्रवाशासाठी सोडतात. ह्या मार्गाला प्रवासी कोण?"

"आम्ही," बाई म्हणाल्या.

"तुम्ही तिघी?"

"आज तिघी आलोय. बाकीच्यांची भाकरी थापायची व्हती."

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण ते परत गंभीर झाले. "हे बघा, माहेरी जाऊन जाऊन किती वेळा जाल? वर्षातून दोनदा. गाडी रोज पळणार."

आत्तापर्यंत पदर सावरत गप्प बसलेल्या भाभी पुढं सरकल्या.

"सायेब, दोनदा का जातो? गाडी न्हाई म्हणून. रस्ताच येवढा लांब केलाय, तर मानूस दोनदाच जाईल. तुमची गाडी सोडा, मग बघा कितींदा जातो ते. आई आजारी पडली की आमाला कळतंय ती बरी झाल्यावर."

साहेबांनी गार चहा उचलला, परत खाली ठेवला.

"ग्रामपंचायतीचा ठराव आणा," ते म्हणाले. "महिनाभर गाडी सोडून बघू. प्रायोगिक. जलद म्हणून सोडतो, मोठ्या गावांना आणि फाट्यांनाच थांबेल, म्हणजे वेळेत जाऊन वेळेत परत येईल. पण रिकामी पळाली तर बंद करावी लागेल. मग माझ्याकडं येऊन रडायचं नाही."

"आमी रडनाऱ्यातल्या दिसतो का?" बाई म्हणाल्या.

ठराव मिळाला. सरपंचांची सूनही पलीकडचीच होती.

पहिली गाडी आली त्या सकाळी चौकात ही गर्दी. लाल गाडी, काचेमागं पाटी, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नव्यानं लिहिलेलं, 'शिरूर–दौंड, तळेगाव मार्गे'. कुणीतरी नारळ फोडला, कुणीतरी पुढं झेंडूची माळ बांधली. डायव्हर मामा खूश होते. कंडक्टर मास्तर मात्र उंच, लांब चेहऱ्याचे, सदा पोटात दुखत असल्यासारखे. त्यांनी आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "सगळ्या बायाच? ही येष्टी हाय का पानवठा?"

"पानवठाच समजा मास्तर," भाभी म्हणाल्या, "पन तिकटं फाडा."

पुलावर गाडी आली तशा आम्ही सगळ्या एकाच बाजूच्या खिडक्यांना लागलो. खाली भीमा, काठाला वाकलेले ऊस, एक म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात. लग्न झाल्यापासून ही नदी मी पहिल्यांदाच ओलांडत होते. पाठवणीला सांगितलं होतं ते खरं निघालं. नदी ओलांडली की खरंच आलंच होतं घर. राहू गेलं, दुसरी नदी गेली, आणि गाडी सोलापूर रोडला लागली तेव्हा सकाळचं ऊन अजून कोवळं होतं.

फाट्यावर उतरून मी घराकडं चालत गेले. आई दारात तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"काय झालं गं?" ती धावत आली. "पावणं बरं हायत ना? पोरगं कुठाय? भांडून आलीस का?"

"काय न्हाई गं आई."

"मग अशी अवचित कशी?"

"गाडी सुरू झाली. तळेगावची. नदीवरनं."

तिला पटेना. बिनकारणाची लेक दारात, तीही सकाळच्या वेळी, असं तिनं कधी बघितलं नव्हतं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. आप्पा, माझे वडील, गोठ्यातून आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि सायकल काढली. फाट्यावरच्या हॉटेलात बसून चौकशी करून आले. "व्हय," ते आईला म्हणाले, "पोरगी खरं बोलतीय. दुपारच्याला माघारी येती म्हनं गाडी." मग आई एकदम हसायला लागली, आणि हसता हसताच तिनं चुलीवर आधण ठेवलं. भावाचं बाळ मी त्या दिवशी मांडीवर घेतलं. पुरणपोळी खाल्ली. आणि दुपारच्या गाडीनं परतले तेव्हा तळेगावात अजून ऊन होतं. आप्पा फाट्यापर्यंत आले होते. गाडी आल्यावर त्यांनी तिच्या पत्र्यावर, बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली.

पहिला आठवडा असा सणासारखा गेला. दुसऱ्या आठवड्यात मास्तरांचा चेहरा आणखी लांब झाला. हौसेनं जायच्या त्या जाऊन आल्या होत्या. आता गाडीत पुढच्या दोन बाकांवर माणसं आणि मागं नुसता पत्र्याचा खडखडाट. मास्तर चौकात खाली उतरून मला म्हणाले, "ताई, असंच ऱ्हायलं तर ही पाटी धुवून ठेवायला लागंल."

आम्ही परत पारावर जमलो. ह्यावेळी लाइट असताना. बाई म्हणाल्या, "सगळ्यांनी येकाच दिवशी जाऊन भागायचं न्हाई. पाळी लावायची." आणि पाळी लागली. आज ह्या घरातली, उद्या त्या घरातली. कारणं आपोआप सुचायला लागली. कुणाचा दात दुखत होता तो यवतला दाखवायचा ठरला. कुणाला बहिणीच्या घरचं लोणचं आणायचं होतं. भाभींनी अस्तराचं कापड दौंडच्या बाजारातून आणून बघितलं, ते पुण्यापेक्षा बरं पडलं, तेव्हापासून त्या आठवड्याला एकदा जायलाच लागल्या. त्यांच्या मालकांनी पलीकडच्या एका बागायतदाराची जळालेली मोटार दुरुस्तीला घेतली. आणि आम्ही कुणी न सांगता एक दिवस चौकात कोथिंबिरीच्या जुड्यांचं गाठोडं घेऊन एक म्हातारबाबा उभे दिसले. मागोमाग दोन पोरी, वह्या छातीशी धरलेल्या, दौंडला कॉलेजला चाललेल्या. गाडी सुरू झाली म्हणूनच त्यांच्या बापांनी त्यांची नावं कॉलेजात घातली होती. त्या पोरींना बघून बाई मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "हे बगा वहिनी. हे आपल्या डोक्यात पन नव्हतं."

एका सकाळी जिची पाळी होती ती शेजारीण आजारी पडली. दुसरी कुणी मिळेना. माझ्या पोराची परीक्षा. मी घरात चडफडत होते, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "मी जाऊ का?"

मला वाटलं चेष्टा करतायत.

"तुमी? कुठं जाणार? तुमचं माहेर तर अलीकडंच हाय."

"न्हाई तर न्हाई," त्या म्हणाल्या. "गाडीत बसायला पलीकडची असावं लागतंय का?"

त्यांनी नवं लुगडं नेसलं, चंची कमरेला खोचली आणि गेल्या. दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारची गाडी माघारी आली तर आत्याबाई सगळ्यात शेवटी उतरल्या, आणि उतरताना मास्तरांनी त्यांचा हात धरलेला.

"सासूबाई दौंडपातुर आल्या व्हत्या," मास्तर मला म्हणाले, आणि पहिल्यांदाच मी त्यांना हसताना बघितलं. "गाडीला टाइम व्हता, म्हनून मी त्यास्नी स्टेशनात नेऊन आनलं. फलाटावरनं उठायलाच तयार न्हाईत. म्हनल्या, आजून येक रेल्वे येऊ दे, मग जाऊ."

आत्याबाईंनी आयुष्यात रेल्वे बघितली नव्हती. त्या रात्री त्यांनी घरात सगळ्यांना रेल्वे सांगितली. तिचे डबे, डब्यांच्या खिडक्यांतून बघणारी माणसं, आत चपात्या खात बसलेलं एक कुटुंब, जे कुठून तरी फार लांबून आलं होतं आणि फार लांब चाललं होतं. "त्यातल्या येका बाईनं मला हात केला," त्या म्हणाल्या. "मी बी केला." सुना टिकायच्या नाहीत, हे वाक्य त्यानंतर आमच्या घरात कुणी ऐकलं नाही. उलट दर पंधरा दिवसांनी त्याच विचारायच्या, "आज गाडीला मानसं हायत का गं? नसली तर मी हाय."

महिना संपत आला तेव्हा मास्तरांनी निरोप आणला, की साहेब स्वतः गाडीनं येऊन बघणार आहेत. दिवसही सांगितला. बाईंनी तो दिवस ऐकून कपाळावर हात मारला. त्याच दिवशी त्यांच्या नणंदेचं लग्न होतं, तेही दौंडला. मुलगा रेल्वेत होता, बाईंच्या वडिलांच्याच ओळखीतला, आणि लग्न मुलाकडं होणार होतं. वऱ्हाडासाठी ट्रक ठरवलेला. आमच्या पाळीतल्या निम्म्या बायका त्या वऱ्हाडात.

"मग ट्रक कशाला?" भाभी म्हणाल्या. "आपली गाडी दौंडलाच जाती की."

बाईंचे मालक आधी नाही म्हणाले. नवरीनं ते ऐकलं आणि आतून सांगितलं, "दादा, मी ट्रकात बसून केस इस्कटायची न्हाई. वहिनीच्या गाडीनंच जायचं." विषय मिटला.

त्या सकाळी साहेब शिरूरलाच गाडीत बसले होते. पुढून दुसऱ्या बाकावर, मांडीवर कातडी बॅग. गाडी आमच्या चौकात थांबली आणि दारातून आधी रुखवताची बुट्टी आत आली, मग शेवयांची चवड, मग दोन पितळी घागरी, मग बाई, भाभी, आत्याबाई, मी, मग पांढऱ्या शुभ्र साडीतली नवरी, तिच्या मैत्रिणी, तिचे मामा, आणि सगळ्यात शेवटी बँडवाले. ढोल काही दारातून आत येईना. तो डायव्हर मामांनी पुढून आपल्या दाराकडनं घेतला.

साहेब उभे राहिले. नवरीला जागा द्यायला उठले, आणि मग त्यांना परत बसायला जागाच मिळाली नाही. एका हातानं वरची दांडी धरून आणि दुसऱ्या हातात कुणीतरी दिलेली लाडवांची परात सांभाळत ते उभे. गाडी सुटली.

"मास्तर," त्यांनी गर्दीतून विचारलं, "आज एवढी माणसं कशी?"

मास्तर तिकिटं फाडत होते. त्यांचा चेहरा होता तसाच लांब. "रोजचंच हाय सायेब."

साहेबांनी शेजारी उभ्या असलेल्या क्लॅरिओनेटवाल्याकडं बघितलं. जरीची लाल टोपी, खांद्यावर झुपके.

"हेही रोजचेच का?"

मास्तरांनी त्या टोपीकडं बघितलं. "हे... आठवड्यातनं येकदा," ते म्हणाले.

आधी आत्याबाई हसल्या. मग नवरी हसली, तोंडाला रुमाल लावून. मग साहेब असे हसले की परातीतला एक लाडू घरंगळला आणि बँडवाल्यानं तो वरच्यावर झेलला. पुलावर आल्यावर भाभी म्हणाल्या, "आता वाजवा की, कशाला हातात धरून बसलाय?" आणि भीमा ओलांडताना त्या लाल गाडीत बँड वाजला. खाली धुणं धुणाऱ्या बायका वर बघायला लागल्या. डायव्हर मामांनी त्यांच्यासाठी गाडी मुद्दाम हळू केली.

दौंडला उतरल्यावर बाईंनी साहेबांना मांडवात जेवायला यायचा आग्रह केला. ते आलेही. बुद्धवंदना झाली, वधूवरांनी एकमेकांना हार घातले, साहेब मागच्या ओळीत हात जोडून उभे होते. जेवणाच्या पंगतीत मी त्यांना वाढायला गेले तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही.

"साहेब, वऱ्हाड रोज नसतं हे तुमाला कळलंय," मी म्हणाले. "मग गाडी बंद करणार का?"

"ताई, मी मोजलं ते वऱ्हाड वजा करून," ते म्हणाले. "मागच्या बाकावर कोथिंबीरवाले बाबा होते. राहूला चार पोरी चढल्या, कॉलेजच्या. एक मनुष्य पंपाची मोटार मांडीवर घेऊन बसला होता, यवतला उतरला. ते तुमच्या सांगण्यावरून आले होते का?"

"न्हाई."

"मग ते माझे प्रवासी." त्यांनी ताटातली बुंदी उचलली. "तुम्ही डेपोत आलात तेव्हा मला वाटलं होतं, ही गाडी फार तर दिवाळीपुरती. तुम्हीच बरोबर होता. नकाशावर आता एक आडवी रेघ मारायला लागेल."

मी ते भाभींना सांगितलं, भाभींनी बाईंना सांगितलं, आणि बाईंनी, नवरीकडची माणूस असूनही, मांडवाच्या मधोमध उभं राहून अशी एक टाळी वाजवली की बँडवाल्यांना वाटलं सुरू करायचंय.

गाडी राहिली. पुढच्या वर्षी संध्याकाळची एक फेरी वाढली. आमचं बघून आणखी गावांनी अशा आडव्या गाड्या मागितल्या, काहींना मिळाल्या. एकदा पुण्यावरून न फिरता पलीकडं पोचता येतं हे कळलं, की लोकांच्या सोयरिकीसुद्धा बदलल्या. पूर्वी पलीकडची मुलगी म्हटली की लोक नाक मुरडायचे, 'येण्या-जाण्याचं अवघड हाय.' आता ते कारण उरलं नाही. मास्तर निवृत्त झाले तेव्हा आम्ही त्यांना चौकात उतरवून घेतलं, टोपी-उपरणं दिलं. बोलायला उभे राहिले आणि "पानवठा बरा व्हता" एवढं म्हणून खाली बसले.

दोन हजार सालानंतर माझी धाकटी मुलगी हडपसरला शिकायला गेली. एकदा सुट्टीत आली ती सांगायला लागली, की शहरात आता बसला स्वतःचा रस्ता केलाय. मोठ्या रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंना कठडे, आत बसशिवाय कुणी जायचं नाही. बाई तेव्हा नोकरीतून मोकळ्या झाल्या होत्या, भाभींच्या मशीनवर सून बसत होती. आम्ही तिघींनी एकमेकींकडं बघितलं.

"बघून यायला पायजे," भाभी म्हणाल्या.

गेलो. आत्याबाई तेव्हा नव्हत्या. असत्या तर सगळ्यांच्या पुढं त्याच निघाल्या असत्या. हडपसरला पोरीनं आम्हाला हाताला धरून रस्त्याच्या मधल्या थांब्यावर सोडलं आणि ती कॉलेजला पळाली. दोन्हीकडून गाड्यांचा लोंढा आणि मधे आम्ही, भाभी एका हातानं पदर धरून आणि दुसऱ्या हातानं माझा दंड इतका घट्ट धरून, की दोन दिवस वळ होता. बस आली. आम्ही पुढच्याच बाकावर बसलो. आणि ती बस सुटली ती अशी मोकळी, सरळ, की आमच्या पुलावरच्या वाऱ्याची आठवण झाली. दोन्ही बाजूंना मोटारी, रिक्षा, ट्रक सगळे एकमेकांना चिकटून उभे, कुणी हलेना. एका लांबलचक पांढऱ्या मोटारीत एक साहेब हॉर्नवर हात ठेवून बसले होते.

भाभींनी खिडकीतून त्यांना हात केला.

"काय करताय भाभी?" मी म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे की," भाभी म्हणाल्या. "त्यास्नी बी कळू दे, बसमधनं कसं वाटतंय ते."

मोटारीतले साहेब आधी गोंधळले, मग त्यांनीही हात उचलला. बाई मोठ्यानं हसल्या, आणि ड्रायव्हरनं आरशातून आमच्याकडं बघितलं. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. आम्ही बसूनच राहिलो. कंडक्टर म्हणाला, "मावशी, गाडी इथंच संपते."

"माघारी जाती ना?" बाईंनी विचारलं.

"हो, दहा मिनिटांनी."

"मग तीन तिकटं द्या," बाई म्हणाल्या, आणि पायातल्या चपला काढून बाकावर मांडी घालून बसल्या.